खोल पाण्यात उतरायचं आहे

ऑफिसच्या त्या प्रशिक्षणाला खरं म्हणजे आमचे साहेब जाणार होते. पण आदल्या दिवशी त्यांची पाठ धरली, आणि नाव वर कळवून झालं होतं, तेव्हा कुणीतरी खुर्चीत बसलेलं दिसायला हवं म्हणून मला पाठवलं. (नुसतं बसलेलं दिसायचं असलं की ऑफिसला माझी आठवण होते. त्या कामाचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे.)

प्रशिक्षण देणाऱ्या बाई सकाळभर ध्येय आणि मूल्यं यांवर बोलत होत्या. मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देत होतो. तेवढ्यात त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुटुंब हीसुद्धा एक संस्थाच असते. तुमच्या घरी किती जण?"

"चार."

"दहा वर्षांनी या चौघांना कुठं पोचायचंय, सांगा बघू."

मी उठून उभा राहिलो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोज सात वाजता भाजीबाजारात पोचायचं असतं. बायकोला साडेआठला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. मुलीला साडेसहाला क्लासला. त्यापलीकडे काही केल्या आठवेना.

"सगळे वेळेवर पोचतात," मी म्हणालो.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, आणि तेच मला लागलं. घरी येईपर्यंत तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. बायको ओट्याशी काकडी चिरत होती. अठरा वर्षं मी हिला काकडी चिरताना बघतोय, पण त्या वेळी हिच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मला काडीमात्र ठाऊक नव्हतं.

"कसला विचार करतेस?" मी विचारलं.

"काकडी कडू निघते की काय, त्याचा."

यावरून काही कळेना. म्हणून मी रविवारी सकाळी दहा वाजता कुटुंबाची बैठक ठरवली.

बैठकीला सुरुवातीपासूनच विरोध होता. बायकोचे कपडे मशीनमध्ये फिरत होते. सोळा वर्षांची कन्या डाव्या हातावर डोकं टेकून बसली होती, आणि त्या डोक्यातले डोळे मिटलेले होते. अण्णांनी तेवढं नीट ऐकून घेतलं. अण्णा चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडबंद करायच्या कामावर होते, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी 'किती वाजता' असं विचारायची त्यांना सवय आहे.

"आत्ताच," मी म्हणालो. "प्रत्येकानं एका चिठ्ठीवर दहा वर्षांत आपल्याला काय हवं ते लिहायचं. खरं लिहायचं. नाव घालायचं नाही. मग त्यावरून आपण घराचं एक ध्येय ठरवू."

"नाव नाही, तर कुणाचं काय हे कळणार कसं?" बायकोनं विचारलं.

मी नुसता हसलो. मी ऑफिसात अर्जांवरच्या सह्या पडताळतो. नुसतं अक्षर बघून मी माणूस सांगतो, वय सांगतो, घाईत होता की निवांत होता तेही सांगतो. (असं मी सांगतो.) सगळ्यांना मोकळेपणा मिळावा म्हणून मी फ्रिजकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कुजबुज झाली, खुर्ची सरकली, वहीचं पान टरकन फाटलं. पाच मिनिटांनी तीन चिठ्ठ्या डब्यात पडल्या आणि सभा माझ्या परवानगीशिवाय बरखास्त झाली.

चिठ्ठ्या मी एकटाच घेऊन बसलो. खरं सांगतो, पाकीट फोडताना व्हावी तशी बोटांना घाई झाली होती.

पहिलीवर बायकोचं गोल, स्वच्छ अक्षर. 'खोल पाण्यात उतरायचं आहे. आता भीती पुरली.' मी थक्क झालो. म्हणजे हिला नोकरी सोडून स्वतःची लॅब काढायची आहे, आणि मला पत्ता नाही.

दुसरी जांभळ्या शाईत, वहीच्या फाटक्या कागदावर. 'दार आतून लावता येईल अशी एक जागा. बाकी काही नको.' जांभळी शाई आमच्या घरात एकच व्यक्ती वापरते. सोळावं वर्ष आहे, असं वाटायचंच.

तिसरीचं अक्षर थरथरतं. 'काहीही न करणे. निदान एक वर्ष.' ही वाचून मला गलबलून आलं. म्हातारा माणूस रोज पिशव्या वाहतो, नळ दुरुस्त करतो, आणि आपण खुशाल करू देतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं, ते तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नाही. तिघांनाही आपण आनंदाचा धक्का द्यायचा, असं मी ठरवलं.

सोमवारी सुतार बोलावला. बाल्कनीला लाकडी भिंत घालून खोली करायची. सुतार मितभाषी होता. सगळी मापं घेऊन झाल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला, "कडी आतून का बाहेरून?" मी बाप आहे, म्हणून म्हणालो, "दोन्हीकडून." त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. कन्येला मी म्हणालो, "तुझ्या मनातलं मला कळलंय. स्वतंत्र खोली मिळणार तुला. मात्र अभ्यासही तसाच वाढायला हवा, म्हणून रविवारचा आणखी एक क्लास लावलाय." ती 'बरं' म्हणाली. त्या वयातल्या 'बरं'चे सतरा अर्थ असतात. मी त्यातला सर्वांत चांगला घेतला.

मंगळवारी सकाळी अण्णांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"आजपासून भाजी मी आणणार. तुम्ही काहीही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"का?"

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्हाला सगळं कळलंय."

अण्णा बसले. संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो त्यांनी बघायला घेतला, तर मी पानाही काढून घेतला. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस सुखावला की असाच गप्प होतो.

बुधवारी बायको चष्मा विसरून गेली, म्हणून तो द्यायला मी लॅबमध्ये गेलो. ती आत होती. लॅबच्या डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या, आणि चांगल्या मूडमध्ये होत्या. मला राहवेना.

"तिला आता खोल पाण्यात उतरायचंय, स्वतःची लॅब काढून," मी हळूच म्हणालो. "किती दिवस माणूस काठावर बसणार? पण तुम्ही बोलू नका. तिनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

"असं का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि चष्मा माझ्याकडून काढून घेतला.

गुरुवारी संध्याकाळी बायकोनं घरात आल्या आल्या पर्स टेबलावर ठेवली. आपटली नाही. आपटली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

"मी लॅब कुठं काढतेय?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"उद्या दुपारी माझ्या जागेवर एक मुलगी मुलाखतीला येतेय. बाई म्हणाल्या, तुमचा निर्णय झालेलाच आहे तर अडवणार नाही. मी विचारलं, कसला निर्णय. तर म्हणाल्या, स्वतःच्या लॅबचा, बाकीचं घरी विचारा."

मी उठून पहिली चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. "हे तुझं अक्षर आहे. नाही म्हणू नकोस, माझा तो पेशा आहे."

"अक्षर माझंच आहे. अण्णांचा चष्मा सापडत नव्हता. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

आम्ही दोघांनी अण्णांकडे बघितलं. ते पलंगाच्या कडेला, सांगितल्याप्रमाणे, काहीही न करता बसले होते.

"पोहायला शिकायचं होतं," अण्णा म्हणाले. "अख्ख्या शहराला चौतीस वर्षं पाणी सोडलं, पण स्वतः घोट्याच्या वर कधी भिजलो नाही. टाकीत डोकावतानाही शिडी दोन्ही हातांनी धरायचो. एकदा उतरून बघायचं होतं." मग म्हणाले, "पण आता राहू दे. किती दिवस आहेत, तेवढं फक्त सांगा."

"कसले दिवस?"

"मागच्या महिन्यात रक्त तपासायला दिलं होतं मी. रिपोर्ट सूनबाईच्याच लॅबमध्ये असतात. पिशवी काढून घेतली, पाना काढून घेतला, आम्हाला सगळं कळलंय म्हणालास. मी काय लहान आहे? आत्याला फोन करून झालाय. ती उद्या भेटायला येतेय."

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिचं वर्णन इथं न केलेलं बरं. ती अण्णांशेजारी जाऊन बसली. "अण्णा, तुमचा रिपोर्ट ह्यांच्यापेक्षा चांगला आहे. मी स्वतः दोनदा तपासला." अण्णांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, की तीन दिवस माझे वडील माझ्यासमोर बसून निरोपाची तयारी करत होते, आणि मी त्यांना सुखावलेले समजत होतो. मी पाणी आणायला आत गेलो, तर नळ अजून गळतच होता.

बाहेर आलो तेव्हा कन्या उरलेल्या दोन चिठ्ठ्या वाचत होती.

"ही थरथरती माझी आहे," ती म्हणाली. "क्लासच्या वह्या लिहून उजवा हात दुखत होता, म्हणून डाव्यानं लिहिलं. मला एक वर्ष काहीच करायचं नाहीये. आणि तुम्ही अजून एक क्लास लावलात."

"मग जांभळी?"

सुतारानं अर्धी भिंत उभी करून ठेवली होती. बायको तिकडे बघत होती.

"माझं पेन अण्णांच्या खिशात गेलं होतं," ती म्हणाली. "मग हिचं घेतलं." (मी शाई बघितली होती. अक्षर बघायचं राहून गेलं होतं.)

"तुला दार कशाला हवंय?" मी विचारलं. या वेळी खरंच मला जाणून घ्यायचं होतं. "दार तर बाथरूमलाही आहे."

"तिथंही तुम्ही बाहेरून विचारता, टॉवेल कुठं आहे."

हे खरं होतं.

"काय करणार आहेस तिथं?"

"ते सांगायचं असतं तर दार कशाला मागितलं असतं?"

अठरा वर्षांत मला या बाईबद्दल इतकं कुतूहल कधी वाटलं नव्हतं. अण्णा आता हलके झाले होते. ते म्हणाले, "हे रविवारीच विचारलं असतंस तर दहा मिनिटांत झालं असतं." कन्या म्हणाली, घराचं ध्येय वगैरे राहू द्या, एक नियम करा, आधी विचारायचं. तो तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो, कारण मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी लॅबमध्ये माफी मागायला गेलो. डॉक्टरीणबाई आत होत्या. मुलाखतीला आलेली मुलगी बाहेर गणवेश घालून तयार होती, आणि रक्त काढण्यात तिचा हात कसा आहे ते बघायला कुणीतरी माणूस हवा होता. मी तोंड उघडेपर्यंत माझा दंड बांधून झाला. "गैरसमज झालाय," मी म्हणालो. "सगळे असंच म्हणतात, काका," ती म्हणाली, आणि शीर शोधू लागली. शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी कापूस दाबत माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. बायकोची जागा शाबूत राहिली. त्या मुलीलाही दुपारच्या पाळीसाठी ठेवून घेतलं, त्यामुळे बायको आता चार वाजताच घरी येते. (याचं श्रेय मी एकदा मागून बघितलं. पुन्हा मागणार नाही.)

सुतारानं बाहेरची कडी काढली आणि तिथं पडलेली चार भोकं लांबी भरून बुजवली. बायको रोज तासभर त्या खोलीत असते. आतून कधी काही आवाज येत नाही. मी दारावरून जाताना सावकाश जातो, पण थांबत नाही. कन्येचे दोन क्लास सुटले. ती आता रविवारी दुपारी बारापर्यंत काहीही करत नाही, आणि ते मन लावून करते.

राहिले अण्णा. तरण तलावावर सत्तरीच्या पुढच्या माणसासोबत घरचं कुणीतरी हवं असा नियम होता. सोबत म्हणजे काठावर, अशी माझी समजूत. पण शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला येतं?" मी नाही म्हणालो. "मग तुम्हीही उतरा," त्या म्हणाल्या. आत्याही पहिल्या दिवशी बघायला आली होती. भावाला शेवटचं भेटायला म्हणून निघालेली बाई भावाची चड्डी बघून हसत परत गेली.

सहा आठवड्यांत अण्णा आडवा तलाव पार करायला लागले. भीती कुठं गेली, हे त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या शनिवारी त्यांना खोल बाजूला बढती मिळाली. मी अजून उथळ बाजूला, कमरेइतक्या पाण्यात, सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर दांडी धरून पाय मारतो.

सत्र संपल्यावर बाईंनी सगळ्यांना प्रगतीचं कार्ड दिलं. उथळ बाजूची कार्डं पद्धतीप्रमाणे पालकांच्या हातात देतात. माझं अण्णांच्या हातात दिलं. या वेळी त्यांचा चष्मा डोळ्यांवरच होता. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावून ते मोठ्यानं वाचलं, "पाल्य गुणी आहे. पण पाण्याला फार घाबरतो, आणि इतर मुलांना बोलण्यात गुंतवतो. घरी लक्ष द्यावे."

मग खिशातून पेन काढून त्यांनी खाली सही केली.