वादग्रस्तांचे पुनर्वसन

फेकता येत नाहीत आणि भिंतीवर लावताही येत नाहीत, अशा छायाचित्रांचे काय करावे, हा गहन प्रश्न १९७९ साली एका खात्यापुढे उभा राहिला. बंद पडलेल्या एका वर्तमानपत्राच्या पेटाऱ्यांत ती भरलेली होती. आत छातीभर पदके लावलेले सेनापती, रणगाड्यावरून सत्तेवर आलेले अध्यक्ष, त्यांनी फासावर चढवलेले पंतप्रधान आणि या सर्वांशी सारख्याच प्रेमाने हस्तांदोलन करणारे आपले मंत्री. राज्य बदलले की यातले पूज्य कोण आणि पाजी कोण, हेही बदलायचे. म्हणून कोणा शहाण्याने सरसकट 'वादग्रस्त' असा शिक्का मारून पेटारे नव्या मुंबईत, तुर्भ्याला धाडून दिले. ते उतरले पुनर्वसन कार्यालयात.

अधीक्षक दिवेकरांनी शिक्का वाचला. शहरासाठी जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त, पुरात घर गेले तो पूरग्रस्त, एवढे त्यांना पाठ होते.

"हे नवे ग्रस्त दिसतात," ते म्हणाले. "ग्रस्त म्हटला की खोली द्यावीच लागते."

"पण सर, हे नुसते फोटो आहेत," कारकून स्मिताबाई म्हणाल्या.

"मग टेन्शन कसलं? अर्जाला फोटोच तर लागतो!"

खोली एकच उरली होती, आणि ती गोजरा म्हात्रेच्या वाट्याची होती. शेत गेले, मिठागर गेले, आणि ही बाई दोन पोरांना घेऊन ट्रकतळामागे ताडपत्रीखाली राहत होती. तिचा अर्ज फोटोवाचून अडला होता, कारण जन्मात तिने फोटो काढला नव्हता.

"सायेब, मी उभी हाय ना समोर! फोटो कशाला पायजे?"

"बाई, माणूस फायलीला टाचता येत नाही."

खोलीत पेटारे गेले. सेनापतींना ओल लागू नये म्हणून पंखा बसवला. उद्घाटनाला मंत्री आले, तेव्हा गोजरा उंबऱ्यात आडवी बसली. शिपायांनी तिला दंडाला धरून फरफटत नेले. त्यांना लाज वाटायला हवी होती, पण ती पगारात बसत नव्हती. तेवढ्यात वार्ताहराचा कॅमेरा चमकला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर मंत्री फीत कापत होते आणि मागे गोजरा ओढली जात होती. ती कात्रण घेऊन धावत आली.

"घ्या सायेब, आला फोटू! आता तरी द्या खोली."

दिवेकरांनी चष्मा पुसून कात्रण निरखले.

"फोटो झकास आलाय. पण मंत्रिमहोदयांच्या मागे झटापट? बाई, हा तर वादग्रस्त."

त्यांनी शिक्का मारला. गोजराच्या फोटोला त्याच दिवशी खोली मिळाली, पंख्याखाली. गोजरा ताडपत्रीखाली परत गेली.

तो अंक तुमच्याही घरी आला होता. मंत्री कोण, ते तुम्ही लगेच ओळखलेत. मागची बाई कोण, हे मात्र घरात कोणी विचारले नाही. संध्याकाळी त्याच पानावर गरम भजी काढली आणि तेल नेमके तिच्या तोंडावर उतरले. भजी छान झालीत, असे तुम्हीच म्हणालात.