तक्रार विभाग, तिसरा मजला

खळदकरांच्या दाराची बेल वाजवली की आतून कधीही "कोण आहे?" असं विचारत नाहीत. आतून आवाज येतो, "तक्रार विभाग. बोला."

तुम्ही वाटीभर साखर मागायला गेलेले असा, नाहीतर सोसायटीची नोटीस द्यायला. मागे एका संक्रांतीला मी म्हणाले, "तिळगूळ आणलाय हो." आतून प्रश्न, "म्हणजे तक्रार नाही?" नाही म्हटल्यावर दार उघडायला चांगली तीन मिनिटं लागली. तक्रार असती तर ताबडतोब उघडलं असतं.

माणूस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. त्यातली पंचवीस-सव्वीस वर्षं टेस्ट डेस्कवर. म्हणजे घरचा फोन बंद पडला की शेजारच्यांच्या फोनवरून आपण ज्या नंबरवर गाऱ्हाणं घालायचो, त्याच्या पलीकडे बसणारा माणूस. ज्यांच्याकडे तो काळा डबा होता त्यांना आठवत असेल, सगळं रामायण सांगून झालं की पलीकडून एक थंड आवाज म्हणायचा, "डॉकेट नंबर घ्या." तो नंबर आपण कॅलेंडरवर लिहून ठेवायचो आणि रोज त्याची आठवण करून द्यायचो. एका भाऊबिजेला आमचा फोन असाच गेला. माझा भाऊ तेव्हा नागपूरला, त्याचा फोन यायचा होता. माझ्या आईने त्या डॉकेट नंबरला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. काय दिवस होते! एका फोनसाठी अख्खं घर जागचं हलायचं नाही.

तर खातं सुटलं, पण काकांचं डॉकेट सुटलं नाही. (काका म्हणजे खळदकरच. माझ्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठे, पण सगळी बिल्डिंग काका म्हणते म्हणून मीही म्हणते.) आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत कुणाचा पंखा, गीझर, इस्त्री बिघडली की ती वस्तू तिसऱ्या मजल्यावर जाते आणि मालकाच्या हातात डॉकेट नंबर पडतो. त्यासाठी एक लांबलचक रजिस्टर आहे. तारीख, तक्रारदार, तक्रारीचं स्वरूप, रोजचा तपास, दोष, आणि शेवटच्या रकान्यात तक्रारदाराची सही. सही झाली की डॉकेट क्लोज.

"तोंडाने माणूस काय वाट्टेल ते बोलतो, बाई," ते मला म्हणाले होते. "रजिस्टरात मात्र खरं लिहायचं. खात्याचा नियम आहे."

बाई म्हणजे मी. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे सगळे मला बाई म्हणतात. आमचे हेसुद्धा म्हणतात, पण त्यांच्या तोंडी त्यात आदर कमी असतो.

काकांचं आणखी एक पालुपद म्हणजे "टोन आहे का?" फोन उचलल्यावर येतो तो टोन. मिक्सर बिघडला तरी पहिला प्रश्न हाच. मला मध्यंतरी टायफॉइड झाला तेव्हा समाचाराला आले, ह्यांना दारातच विचारलं, "टोन आहे का?" हे म्हणाले, "आहे की. सकाळपासून मलाच ऐकवतायत." काका म्हणाले, "मग काळजी नाही," आणि जिन्यावरूनच परत गेले.

आता लॅपटॉपचं सांगते.

आमच्या घरातला फ्रीज सासऱ्यांनी निवडला, टीव्ही ह्यांनी आणि सोफा मुलाने. दहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा कुणाला एका शब्दाने न विचारता मी एकच वस्तू घेतली, ती हा लॅपटॉप. हे म्हणाले, "आता ह्याच्यावर काय करणार?" मी म्हटलं, "ते तुम्हाला सांगायला लागू नये म्हणूनच घेतलाय." मी त्यावर माझ्या शाळेतल्या पोरांच्या आठवणी लिहिते. मागच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी बसून. घरात बसले की ह्यांच्या बातम्या चालू असतात आणि गॅलरीत प्लगचा पॉइंट नाही. म्हणजे माझं सगळं लिखाण त्या बॅटरीच्या जिवावर चालतं.

एका सोमवारी सकाळी बघते तर वायर लावलेली, कोपऱ्यात सात टक्के, आणि खाली अक्षरं: प्लग लावला आहे, चार्ज होत नाही. तासाभराने बघितलं तरी सातच. वायर लावली की चालू, काढली की पाच मिनिटांत राम म्हणायचा. स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून पाहिली, तर हे तिच्यात पाय अडकून ओट्यावर जाऊन आदळले, आणि मग दिवसभर लंगडत हिंडले. खरं सांगायचं तर लागलं कोपराला होतं.

मुलाला फोन केला. निनाद वाकडला असतो, आयटीत. "आई, बॅटरी डेड आहे. दहा वर्षं चालला ना, मग सोड की आता. मी संडेला येतो, नवीनच घेऊन येतो. जुना एक्स्चेंजला देऊन टाकू."

देऊन टाकू! जणू रद्दीच. माझी स्वतःची म्हणावी अशी एकुलती एक वस्तू, आणि हातात फक्त रविवारपर्यंतचा वेळ. मी वायरीसकट लॅपटॉप पदराखाली घेतला आणि जिना चढले.

"तक्रार विभाग. बोला."

"लॅपटॉप चार्ज होत नाही."

दार तत्काळ उघडलं.

"टोन आहे का?"

"वायर लावली की असतो. काढली की मेला."

"मेला असं आम्ही लिहीत नसू. प्रतिसाद नाही, असं लिहीत असू." रजिस्टर उघडून ते टेबलाशी बसले. "कधीपासून? कुठे पडला होता? गेल्या आठवड्यात पाहुणे कोण आले होते?"

"पाहुण्यांचा काय संबंध?"

"बाई, निम्म्या पुण्याचे फोन पाहुण्यांच्या पोरांनी बिघडवलेत. डॉकेट नंबर घ्या. दोन हजार एकशे सतरा. आणि रोज पाचला यायचं. तपास तक्रारदाराच्या समोर होतो."

मंगळवारी पाचला गेले. टेबलावर लॅपटॉप उघडा, आणि बॅटरी बाहेर काढून एका धुतलेल्या रुमालावर ठेवलेली. "विश्रांती," काका म्हणाले. मग मला लॅपटॉपचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला लावलं, म्हणजे आत अडकून पडलेली वीज निघून जाते म्हणे. ते घड्याळात बघून मोजत होते. झाल्यावर गंभीरपणे विचारलं, "आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, "मला की त्याला?" त्यावर आलं घातलेला चहा आला. चहा, मान्य करायला हवं, फक्कड होता.

बुधवारी बॅटरी तशीच रुमालावर. वायर लावून बघू म्हटलं तर काका म्हणाले, "घाई नाही." तोवर वेळ जावा म्हणून मी त्यांना माझ्या वर्गातल्या एका पोराची गोष्ट सांगितली. तो 'माझी आई' ह्या निबंधात फक्त एक ओळ लिहून बसला होता, 'ती मला ओरडते म्हणून मी इथे तिच्याबद्दल काही बोलणार नाही.' काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

गुरुवारी नवी बॅटरी बघायला तपकीर गल्लीत निघालो. स्वारगेटला बस बदलली, मंडईशी उतरलो आणि तिथेच काका मटारच्या ढिगापाशी थबकले. कोवळा होता म्हणून दोन किलो घेतला, मग आलं, मग गवती चहा. गल्लीपर्यंत पोचलोच नाही. घरी आल्यावर ह्यांनी पिशवी बघितली. "हल्ली मटारवर चालतात का लॅपटॉप?" मी मनात म्हटलं, ह्या माणसाला दुरुस्ती येतेय की नुसताच आव आणतोय?

शुक्रवारी मी जरा फणकाऱ्यातच गेले. "काका, परवा रविवार. माझा मुलगा हा घेऊन जाईल आणि भंगारात घालेल. तुम्हाला जमत नसेल तर सरळ सांगा, मी दुसरीकडे दाखवते."

काकांनी चहा ढवळला. मग म्हणाले, "टेस्ट डेस्कवर होतो ना, तेव्हा एका आजींचा रोज संध्याकाळी फोन यायचा. सदाशिव पेठेतून. म्हणायच्या, 'माझा फोन बंद आहे हो.'"

"कुठून करायच्या?"

"त्यांच्याच फोनवरून."

मी खो खो हसले.

"सगळं डेस्क असंच हसायचं," काका म्हणाले. "मी रोज डॉकेट द्यायचो. साहेबांनी बोलावलं, म्हणाले खोटी तक्रार का लिहून घेता? मी म्हटलं, साहेब, त्यांच्याकडे कुणाचाही फोन येत नाही. ही तक्रार खोटी कशी?"

त्यांच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर अजून तो काळा फोन आहे. लाइन केव्हाच गेली, पण वर क्रोशाचा रुमाल आहे, आणि धूळ म्हणून दिसणार नाही. काकू गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगी परदेशात, रविवारी सकाळी मोबाइलवर बोलते. मला हे सगळं माहीत होतं. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त माझा लॅपटॉप होता.

शनिवारी ह्यांची दाढ ठणकायला लागली, त्यामुळे वर जाणं झालंच नाही.

रविवारी दुपारी निनाद नवा कोरा खोका घेऊन हजर. "जुना कुठाय?" म्हटलं, वर. तो तडक वर गेला, मी मागोमाग.

"तक्रार विभाग. बोला."

"काका, आईचा लॅपटॉप द्या ना. एक्स्चेंजला देतोय."

दार उघडलं. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तक्रारदार आपण नाही. मशीन आपल्याला देता येत नाही."

"अहो काका, पण त्याची बॅटरी गेलीये!"

"असं आपण न बघता सांगताय." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, रडू आवरत होते इतकं खरं. काका हळूच म्हणाले, "बाई, पाचला या. आज क्लोज करू."

पाचला गेले तर लॅपटॉप टेबलावर, बॅटरी आत, कोपऱ्यात शंभर टक्के. काकांनी माझ्यासमोर वायर उपटली. लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही. मी चक्क टाळ्या पिटल्या.

"आता काही वर्षं बघायला नको," काका म्हणाले. "गॅलरीत बसा, लिहा. वर यायची गरज पडणार नाही." मग म्हणाले, "मी चहा टाकतो. तुम्ही रजिस्टरात सही करा. सहीशिवाय क्लोज होत नाही."

मी रजिस्टर उघडलं. दोन हजार एकशे सतरा. सही करायला शेवटच्या रकान्याकडे वळले आणि वाचत सुटले.

'सोमवार. दोष : चार्जरच्या टोकातली मधली बारीक पिन वाकलेली, म्हणून लॅपटॉपला चार्जरची ओळख पटत नव्हती. बाई गेल्यावर सरळ केली. चार्ज घेतो. आठपर्यंत शंभर टक्के.'

'मंगळवार. दोष नाही. बाई आल्या. चहा.'

'बुधवार. दोष नाही. बाईंनी वर्गातल्या मुलाची गोष्ट सांगितली. खूप हसलो.'

'गुरुवार. बॅटरीची गरज नाही. मंडई. मटार.'

'शुक्रवार. दोष नाही. मी बोललो.'

'शनिवार. बाई आल्या नाहीत. चहा दोन कप झाला होता.'

'रविवार. मुलगा मशीन न्यायला आला. बाईंचं लिखाण जाईल. आता देणं भाग आहे.'

खरं सांगते, आधी संतापच आला. सहा दिवस जीव टांगणीला लावला माझा! आणि मग तो दोन कप चहा पुन्हा वाचला. ज्या माणसाने सव्वीस वर्षं अख्ख्या शहराची गाऱ्हाणी ऐकली, त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं. खोटं बोलायचं तर धड तेही येत नव्हतं बिचाऱ्याला. सगळं लिहून ठेवून वर माझी सही मागत होता.

मी सही केली. काका चहा घेऊन आले, त्यांनी रजिस्टर बघितलं, मग मला बघितलं. आम्ही दोघं चहाबद्दल बोललो.

निनादने गॅलरीत बसून तासभर लॅपटॉप वापरून पाहिला आणि हार मानली. नवा ह्यांना दिला. हे त्यावर पत्ते खेळतात.

सोमवारी पाच वाजता मी लॅपटॉप काखोटीला मारला आणि वर गेले.

"तक्रार विभाग. बोला."

"लॅपटॉप चार्ज होत नाही."

दार उघडलं. लॅपटॉप माझ्या हातात उघडाच होता, कोपऱ्यात शंभर टक्के. काकांनी तो आकडा वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"बाई, रजिस्टरात खोटं लिहिता येत नाही," ते म्हणाले.

"मग खरं लिहा. संध्याकाळी पाचला चहाला सोबत नाही."

"ही तक्रार कोणाची?"

"लिहा कुणाचीही. दोघांची एकच आहे."

काका आत वळले. पेन शोधायला त्यांना बराच वेळ लागला, खरं तर ते खिशालाच होतं. मग टेबलाशी बसून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं.

"डॉकेट नंबर घ्या," ते म्हणाले. "दोन हजार एकशे अठरा."

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मधूनमधून मी विचारते, "काका, माझ्या त्या अठरा नंबरचं काय झालं हो?" काका दुसरा कप माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "तपास चालू आहे."