व्हिएन्नातलं निळं दार

दर्शना दहा दिवसांच्या रजेवरून परतली ती चॉकलेटचा डबा घेऊनच. डबा इद्रीस मुकादमच्या टेबलावर ठेवत ती असं काही बोलली, की त्याच्या हातातला स्टेपलर खाली पडला.

"इद्रीसभाई, तुमचं व्हिएन्नाचं कॅफे सापडलं आम्हाला!"

खरं तर यात घाबरण्यासारखं काय होतं? एकाने खाण्याची जागा सुचवावी, दुसऱ्याने तिथे जाऊन खावं आणि परत आल्यावर सांगावं, ही जगाची रीतच आहे. अडचण एवढीच होती की ते कॅफे इद्रीसने स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. व्हिएन्ना तर सोडाच, युरोपातला साधा बसस्टॉपसुद्धा त्याने कधी पाहिला नव्हता.

आखातात, खलिफा सिटीतल्या एका कंत्राटदार कंपनीत इद्रीस कागदपत्रं सांभाळायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून कंपनीने त्याला व्हिएन्नापासून सुरू होणाऱ्या युरोपच्या सहलीचं तिकीट दिलं होतं. बायको मरियमबी आणि मुलगी सुमैय्या तेव्हा सुट्टीला रत्नागिरीला गेल्या होत्या. ऑफिसात पेढे वाटून झाले, बिल्डिंगमधल्या शेजाऱ्याकडून जाड कोट मागून आणून झाला, गावातल्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन झाले. आणि निघायला दोन दिवस असताना पासपोर्ट कोराच परत आला. व्हिसा नाही.

आता तोंड कुठे लपवायचं? शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्याच्या गावचा मोहिद्दीन टायपिंग सेंटर चालवायचा, म्हणजे लोकांचे सरकारी आणि व्हिसाचे अर्ज भरून द्यायचा. इद्रीसचा अर्जही त्यानेच भरला होता. तो म्हणाला, "इद्रीसभाय, दुकानाच्या वर माझी खोली हाय. दहा दिवस ऱ्हा आणि युरोप करून ये. माझ्या पोटातली गोष्ट बाहेर पडायची नाय."

इद्रीसने युरोप केला तो असा. चारी बाजूंना गॅरेज, खाली उघडून टाकलेले रेडिएटर, आणि तिन्ही त्रिकाळ खायला बाजूची यहयाचाचाची कॅफेटेरिया. तिला निळं पत्र्याचं दार होतं. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं होतं. एका खुर्चीवर करड्या रंगाची मांजर बसलेली असायची आणि तिला उठवायची कुणाची टाप नव्हती. चाचा काय पाहिजे म्हणून कधी विचारायचा नाही. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि चहा आणून ठेवायचा.

परत आल्यावर ऑफिसने घेरलं. फोटो? फोन नदीत पडला. बरं, खाल्लंत काय, कुठे? इथे इद्रीसची जीभ सैल सुटली. माणूस बिचारा प्रामाणिक, न पाहिलेलं रंगवून सांगणं त्याला जमेना. म्हणून त्याने पाहिलेलंच सांगितलं, फक्त गॅरेजच्या जागी एक जुनं चर्च उभं केलं. ऐकणारे इतके गुंग झाले की पुढे युरोपला निघालेला प्रत्येकजण त्याच्या टेबलाशी येऊ लागला. "इद्रीसभाई, प्रागला कुठे खायचं? लिस्बनला?" जवळ पुंजी एकाच कॅफेटेरियाची, त्यामुळे ती पुरवून पुरवून वापरावी लागली. व्हिएन्नाला निळं दार दिलं, प्रागला घड्याळ आणि मांजर, लिस्बनला चेहरा वाचणारा म्हातारा. तेवीस वर्षं फायलींना नंबर घालणाऱ्या माणसाला एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो त्याला मनापासून आवडला होता.

म्हणूनच दर्शनाचं बोलणं ऐकून तो स्टेपलर उचलायला टेबलाखाली वाकला.

"सापडलं?" त्याने विचारलं. "नक्की तेच?"

"तेच. मी आणि मिस्टर दहा दिवस रोज तिथेच. निळं दार, सगळं सेम टू सेम." मग आजूबाजूला बघून ती आवाज उतरवून म्हणाली, "पण तुम्ही एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला करंगळी नाहीये."

इद्रीसच्या अंगावर सर्रकन काटा आला. यहयाचाचाची डावी करंगळी फार वर्षांपूर्वी एका गाडीच्या पंख्यात गेली होती. हे त्याने ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. व्हिएन्नात करंगळी कशाला तोडायची, म्हणून मुद्दाम गाळलं होतं.

"त्याने तुम्हाला सलाम सांगितलाय," दर्शना म्हणाली. "म्हणाला, तुझी खुर्ची रिकामी ठेवलीय, कधीही ये." आणि त्याच्याकडे एकदा रोखून बघून ती आपल्या जागेवर गेली.

योगायोग असेल, अशी इद्रीसने मनाची समजूत घातली. जगात करंगळी नसलेले म्हातारे पुष्कळ असतात. ही समजूत बरोबर पाच आठवडे टिकली. मग साइट इंजिनीअर मिथुन प्रागहून परतला.

"बॉस, काय जागा आहे!" तो दारातूनच ओरडला. नंतर टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "घड्याळ अजून चार-वीसवरच आहे. मांजरीला तीन पिल्लं झालीत. आणि चाचा विचारत होता, तुमचा गुडघा कसाय म्हणून."

"कोण चाचा?"

"तोच हो. करंगळीवाला." मिथुनने त्याचा खांदा दाबला. "टेन्शन नका घेऊ इद्रीसभाई. मी कुणाला काही बोलत नाही."

इद्रीसला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. एकच म्हातारा दोन शहरांत, एकाच तुटक्या बोटाचा, आणि आपल्या गुडघ्याची खबर ठेवून! गुडघा दुखतो हे त्याने चाचाला सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. न राहवून त्याने मोहिद्दीनला फोन लावला.

"यहयाचाचा आहे ना रे तिकडे?"

"हाय की. कुटं जाणार?"

"मध्ये कुठे परदेशी गेला होता का?"

"चाचा? वीस वर्षांत गल्ली सोडून गेला नाय." मग त्याचा आवाज सावध झाला. "का विचारतोस? आणि हे बघ, सध्या इकडं येऊ नको. खोली रिकामी नाय."

फोन कट झाला. खोली त्याने मागितली होती कुठे?

घरी जेवताना त्याने ही हकीकत आडवळणाने सांगितली. मरियमबीच्या हातातला घास हातातच राहिला.

"अहो, तुम्ही गेला होतात ना तिथं? मग तो म्हातारा माणूस नव्हेच. अशी असतात म्हणे काही. माणसाच्या तोंडून आपलं वर्णन ऐकलं की त्याच्या मागं लागतात, आणि तो नाव घेईल तिथं जाऊन बसतात. तुम्ही आता नव्या गावाचं नाव काढू नका, सांगून ठेवते!"

"अब्बा, धिस इज सो क्रीपी," सुमैय्या मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "यू शुड स्टॉप रेकमेंडिंग."

थांबायचं त्याच्या हातात कुठे होतं? दुसऱ्याच दिवशी अरुण साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अरुण साहेब म्हणजे गुणवत्ता विभागाचे प्रमुख. एका तपासणीच्या कागदावर खोटी तारीख टाकली म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी एका स्टोअरकीपरला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

"इद्रीस, मी आणि मिसेस लिस्बनला जातोय. तुमचे ते मोहिद्दीन, त्यांच्याकडेच पेपर्स दिलेत. तुमच्या त्या कॅफेचं सगळे फार कौतुक करतात. मला लेखी द्या. रस्ता, खुणा, सगळं. मी प्रत्येक गोष्ट जाऊन पडताळतो, तुम्हाला माहितीये. एक ओळ खोटी निघाली की त्या माणसाच्या सगळ्या फायलींवरचा माझा विश्वास उडतो."

इद्रीसने लिहून दिलं. काय करणार? कॅफे सापडलं नाही तर नोकरी जाणार होती, आणि सापडलं तर डोकं. आपल्याला यातलं नक्की काय हवंय, हे त्याला बायकोलाही सांगता आलं नसतं.

साहेब गेले. तीन दिवस ऑफिसचा ग्रुप शांत होता. शनिवारी दुपारी फोन वाजला. साहेबांनी फोटो टाकला होता. टेबलावर वाफाळता चहा, आणि खाली मजकूर: 'लिस्बन. इद्रीसच्या यादीतलं ठिकाण. वेरिफाइड.'

इद्रीसने फोटो मोठा केला. टेबलावर सूर्यफुलांचं प्लास्टिक होतं, आणि एका कोपऱ्यात ते सिगारेटने जळून भोक पडलेलं होतं. ते भोक इद्रीसने दहा दिवस बोटाने कुरतडलं होतं. फोटोच्या कडेला, कप सोडून मागे जाणारा एक म्हातारा हात दिसत होता. त्याने बोटं मोजली. अंगठा धरून चार.

रविवारी सकाळी मरियमबीला सायटीवर काम आहे असं सांगून त्याने गाडी काढली. चाचा शारजातच असेल तर लिस्बनमध्ये तो हात कुणाचा? आणि चाचा जागेवर नसेल तर? दुसऱ्या शक्यतेपाशी आल्यावर त्याने गाडीतलं रेडिओवरचं गाणं बंद केलं आणि आठवतील तेवढ्या दुआ म्हणायला सुरुवात केली.

तो पोहोचला तेव्हा भर दुपार झाली होती. उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंद ठेवावी लागतात, त्यामुळे एरवी हातोड्यांनी कान किटवणाऱ्या गल्ल्या ओस पडल्या होत्या. अर्धवट उघडी शटरं, बिनचाकांच्या गाड्या, माणूस एकही नाही. पांढऱ्याफटक उन्हात त्याच्याच चपलांचा आवाज त्याला मागून येतोय असं वाटत होतं. तो थांबला की आवाजही थांबायचा, आणि हेच त्याला जास्त संशयास्पद वाटत होतं.

मोहिद्दीनचं दुकान बंद होतं. वरच्या खोलीच्या खिडकीतला पडदा मात्र हलला. तीन वर्षांपूर्वी कुणी दिसलं की इद्रीस स्वतः अगदी तस्साच पडदा ओढून घ्यायचा. आपण अजून वरच आहोत की काय, असा भलताच विचार त्याच्या मनात आला आणि त्याने घाईघाईने नजर खाली वळवली.

निळं दार त्याने बोटांच्या टोकांनी ढकललं. आत अंधार होता. एसीतून पाणी ठिबकत होतं. घड्याळात चार वीस झाले होते. मांजर खुर्चीवर होती, पोटाशी तीन पिल्लं होती. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी, बाहेर अंगाची लाही होत असताना, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा लोकरीचा कोट घालून एक माणूस पाठमोरा, अजिबात न हलता बसला होता.

"या अल्ला," इद्रीसच्या तोंडून निघालं.

कोट हळूहळू वळला.

ते अरुण साहेब होते. एका हातात पराठा, दुसऱ्या हातात कोटातला स्वतःचा फोटो काढायला उगारलेला मोबाइल. कपाळावरून घाम गळत होता. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. कुणाचं भूत कुणाला दिसतंय, हे ठरायला थोडा वेळ लागला.

एवढ्यात आतून चहा घेऊन यहयाचाचा आला आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे, व्हिएन्ना आ गया! आओ, आओ! लिस्बन, ये अपना पुराना व्हिएन्ना है. सबसे पहला."

"चाचा," इद्रीस कसाबसा म्हणाला, "आप मुझे व्हिएन्ना क्यों बोलते हो?"

"मोहिद्दीन नाम किधर बताता है? बोलता है, इज्जत का सवाल है. बस ये बताता है कि आदमी कहाँ गया हुआ है." चाचाने त्याच्यासमोर कप ठेवला. "तेरे बाद और एक व्हिएन्ना आया, मियाँ-बीवी. फिर एक प्राग. सब तेरे ऑफिस के, दरवाजा-घड़ी देखके तुझे पहचान गए. अभी लिस्बन के साथ ऊपर एक और है, पर वो किसी दूसरी कंपनी का. सबको बोला मैंने, व्हिएन्ना को सलाम बोलना. बोला नहीं क्या?"

इद्रीस मटकन खाली बसला. दर्शनाचं ते रोखून बघणं आणि मिथुनने दाबलेला खांदा आता त्याला उलगडत गेले. बिचारी माणसं त्याला धीर देत होती, आम्हीही तुझ्यातलेच म्हणून सांगत होती, आणि तो घरी जाऊन भुताच्या भीतीने कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होता. त्याला हसू आलं, आणि त्याच वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

पण समोर अरुण साहेब होते. त्यांनी रुमालाने चेहरा पुसला, घसा साफ केला आणि केबिनमधल्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट आला. ऑफिसला सांगून झालं होतं. साडूला सांगून झालं होतं. मिसेस सरळ पुण्याला गेल्या." त्यांनी खिशातला घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं, इद्रीस. तुमची यादी काढून एकेक खूण ताडून पाहिली. वर्णन तंतोतंत जुळतं. फक्त शहर चुकलंय."

"साहेब, माझी नोकरी..."

"कुठल्या तोंडाने काढू?" साहेब एकदम बारीक आवाजात म्हणाले. त्या आवाजात इद्रीसला तीन वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी तो झटकला नाही.

दोघांनी चहा संपवला. मग साहेबांनी जरा पुढे वाकून विचारलं, "मला अजून सहा दिवस काढायचेत. रोज पराठा खाऊन पोट बिघडलंय. इथे जवळपास दुसरं काही बरं मिळतं का?"

"टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत एकजण मच्छी-भात देतो, साहेब. वरून साधी टपरी दिसते, पण सुरमईला हात फार चांगलाय."

"तुम्ही स्वतः खाल्लंय?"

"हो साहेब. ओळीने चार दिवस."

अरुण साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, दाराशी गेले आणि फट करून गल्लीत दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं.

"चला," ते म्हणाले. "पण भिंतीच्या कडेकडेने. लिस्बनला आपल्या ऑफिसचं कोण कधी भेटेल, सांगता येत नाही."