वामनरावांचे अर्ज

शलाका देवतळेने ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेच्या अभ्यासमालेतला तिसरा धडा मंगळवारी पूर्ण केला आणि बुधवारी सकाळपासून तिच्या वडिलांना घरातलं एकही दार उघडता येईना.

वामनरावांना वाटलं, न्हाणीघराचं दार फुगलं असावं. शलाकाने हात लावला तर ते सहज उघडलं. स्वयंपाकघराचंही तसंच झालं. मनीषनगरातल्याच एका सुताराला बोलावलं. त्याने कडी पाहिली, बिजागऱ्या पाहिल्या आणि विचारलं, घरात कोणी सॉफ्टवेअरवालं आहे का, आणि कितव्या धड्यावर आहे. तिसऱ्या, असं कळल्यावर त्याने रंधा परत पिशवीत ठेवला. त्याच्या मेव्हण्याच्या घरी हेच झालं होतं, म्हणाला. चहासाठीही थांबला नाही.

तिसरा धडा किमान अधिकारांचा होता. ज्याला त्याच्या कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच उघडून द्यायचं, त्याहून काडीभरही जास्त नाही. वामनराव पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांना काम नव्हतं.

शलाका ज्यांच्याकडे तक्रार घेऊन गेली ते तिच्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागातले खोब्रागडे सर शांत माणूस होते. अभ्यासमालेचं प्रात्यक्षिक शिकणाऱ्याच्या राहत्या घरावर होतं, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. शलाकाने खाली सहीही केली होती. मध्येच सोडलं तर घर ज्या धड्यावर असेल तिथेच राहतं आणि मिळालेल्या परवानग्याही रद्द होतात, असंही त्यांनी सांगितलं. पूर्ण केल्यावर काय होतं, असं तिने विचारलं.

“पूर्ण केल्यावर घर पूर्ण सुरक्षित होतं,” खोब्रागडे म्हणाले.

तोवर अर्जाची सोय होती. वडिलांनी कारण लिहून द्यायचं, शलाकाने ते अभ्यासमालेच्या पानावर भरायचं. वामनरावांचं अक्षर अजून नकाशावरच्या अक्षरांसारखं ताठ होतं. न्हाणीघर मंजूर झालं. स्वयंपाकघर चहापुरतं मंजूर झालं, दुपारी चार ते साडेचार. गॅलरी कुंड्यांना पाणी घालण्यासाठी मिळाली. पाणी घालून झालं की पाय आपोआप मागे वळत. वामनराव म्हणाले, चालायचंच, खात्यातही असंच होतं.

मग त्यांनी मागच्या खोलीचा अर्ज दिला.

ती खोली शलाकाच्या आईची. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिथे तिची खाट होती, लोखंडी कपाट होतं आणि त्यात साड्या. वामनराव रोज जेवणानंतर तासभर तिथे जाऊन बसत. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘बसायचं आहे.’

अर्ज नामंजूर झाला. शेरा होता: कारण अपुरे.

शलाकाने त्यांना सुचवलं, कसर लागू नये म्हणून साड्या उन्हात घालायच्या आहेत, असं लिहू. लगेच मंजूर होईल. वामनराव बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले.

“मी पस्तीस वर्षं पाण्याची पातळी होती तेवढीच लिहिली,” ते म्हणाले. “आता तुझ्या आईसाठी खोटं लिहायला लावतेस?”

त्यांनी पुन्हा तोच अर्ज दिला. पुन्हा तोच शेरा आला. असे एकोणीस अर्ज झाले. विसाव्या वेळी त्यांनी कागद मागितला नाही.

शलाकाने दार उघडं टाकून पाहिलं. वामनरावांचे पाय उंबऱ्याशी थांबले, पाण्याच्या काठाशी थांबावेत तसे. हात धरून नेणं पाचव्या धड्यात निषिद्ध होतं. आपला अधिकार दुसऱ्याला वापरू देणं हा त्या धड्यातला सगळ्यात मोठा अपराध. म्हणून तिने त्यांची खुर्ची उंबऱ्याबाहेर, भिंतीला लागून ठेवली, कारण आत डोकावलं की त्यांचे डोळे मिटत. स्वतः ती आत खाटेवर बसली आणि कपाट उघडून काय दिसतं ते सांगू लागली.

वरच्या खणात निळी, जरीचा काठ उसवलेली. ती माझ्या बदलीच्या वर्षीची, वामनराव बाहेरून म्हणाले. खाली करवती काठाची. ती तिने दोनदाच नेसली. शलाकाला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. आई एके काळी पोहायची, हेही तिला त्या खुर्चीतूनच कळलं. रोज जेवणानंतर एक साडी. असे दोन महिने बरे गेले. त्या काळात ती अभ्यास मुद्दाम सावकाश करत होती. पण खोब्रागडेंनी दोनदा स्मरणपत्र पाठवलं, आणि धडा अडवून ठेवला तर घर सरसकट बंद होतं, मग कोणालाच काही उघडत नाही.

अकरावा धडा गळतीचा होता. निषिद्ध जागेतली माहिती तोंडी बाहेर गेली तरी ती गळतीच. शलाकाने तो दोनदा वाचला, एखादी पळवाट सापडेल म्हणून. सापडली नाही. धडा चांगला लिहिलेला होता. तिला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर वामनराव आपले आपण खुर्चीत येऊन बसले. शलाकाने त्यांना धड्याबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. ती आत गेली, कपाट उघडलं आणि एक साडी मांडीवर घेतली. घडीतून डांबरगोळी खाली पडली आणि फरशीवर घरंगळत गेली.



“हिरवी का?” वामनरावांनी विचारलं.

शलाका काही बोलली नाही.

“बरं,” ते म्हणाले, आणि तास पूर्ण होईपर्यंत बसून राहिले.