आप्पांचं मीटर

बसलिंगआप्पा कुणाच्या घरी गेले की आधी घरवाल्यांनाच बाहेर काढतात. आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी पूजेला आलेल्या जंगमस्वामींसकट सगळ्यांना अंगणात उभं केलं, पिवळ्या डब्यासारखं मीटर पुढं धरून एकटे आत शिरले आणि खोल्याखोल्या फिरून दारात येऊन म्हणाले, "हां, या आता." स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यावर चार टिकटिक जास्त आल्या होत्या. "घाबरू नका, दगडाचा गुणच हाय त्यो," असं त्यांनी सांगितलं खरं, पण आमच्या सौभाग्यवतींनी पुढं आठ दिवस भाकरी जमिनीवर बसून थापली.

सवय जुनी आहे. आप्पांची सगळी नोकरी लांब शहरात, अणूतले कण पळवणाऱ्या एका अवाढव्य यंत्रापाशी गेली. यंत्र चालू असलं की आत किरण निघतात. ते बंद झालं की आप्पांनी मीटर घेऊन आधी आत जायचं, मोजायचं आणि मग बाकीच्यांना बोलवायचं. "मोठमोठे शास्त्रज्ञ दाराशी ताटकळायचे गुरुजी. आमी 'या' म्हणल्याबिगर एकाची छाती व्हायची न्हाय." निवृत्त होऊन नळदुर्गला परतले, तरी त्यांची ड्युटी काही संपली नाही.

बाजारात एका जुन्या दुकानात गॅसबत्तीच्या जाळीदार मँटलांचा खोका धूळ खात पडला होता. आप्पांचं मीटर त्याच्याजवळ गेलं आणि जे तडतडायला लागलं! गिऱ्हाईकं चपला टाकून पळाली. आप्पा मात्र हरखले. जुन्या मँटलांत किरण सोडणारं द्रव्य असायचं म्हणे. "लई दिसांनी वळखीचं माणूस भेटलं," म्हणत ते एक मँटल घरी घेऊन आले. तेव्हापासून रोज सकाळी इष्टलिंगपूजा झाली की मीटर मँटलसमोर धरायचं, आकडा कालच्याइतकाच येतो का बघायचं आणि वहीत लिहायचं. "मीटर खोटं बोललं तर माणूस मरतंय गुरुजी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हसू येण्यासारखं जे आहे ते इथवरच. आप्पांच्या मंडळी, शांताकाकू, रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. गावाला कारण आयतंच सापडलं: नवऱ्यानं यंत्रावरनं अंगाला लावून आणलं. "पंखा बंद केल्यावर त्याचं वारं घरी आणता येतंय का?" आप्पा ज्याला त्याला समजावत राहिले. पण त्यांची एकुलती एक लेक उमा, सोलापूरला दिलेली, तिनंही तेच धरलं. आईच्या दिवसकार्याला चारचौघांत म्हणाली, "आप्पा, तुमच्या कपड्यांनी माझी आई खाल्ली." आणि माहेर तोडलं. आप्पांचा फोनसुद्धा उचलेना.

आप्पांचा सगळा जीव त्या लेकीत. तिनं एकदा यावं, आपण तिच्यादेखत मोजून दाखवावं, एवढ्यासाठी त्यांनी आपले नोकरीतले कपडे आणि काकूंची लुगडी ट्रंकेत तशीच जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात मी मध्ये पडलो, तिला फोन केला आणि उमा आली. त्या सकाळी आप्पांनी मीटर मँटलवर दोनदा तपासलं. मी शेजारीच होतो. आकडा जिथल्या तिथं होता.

ट्रंक उघडली. एकेक कपडा बाहेर निघाला. रिकाम्या अंगणात जेवढी टिकटिक, तेवढीच आप्पांच्या शर्टावर, तेवढीच काकूंच्या लुगड्यावर. एकही जास्त नाही. मला वाटलं, आता ही बापाच्या गळ्यात पडणार.

"म्हंजे तुमच्यामुळं काहीच न्हाय?" उमाचा चेहरा पांढरा पडला होता. "मग माझ्यामुळंच. आई माझ्या बाळंतपणाला आली तवा तिला रोज ताप यायचा. दंडावर काळेनिळे डाग. मला वाटलं, कामानं थकली असंल. दोन महिने मी तिला दवाखान्यात नेलं न्हाय, आप्पा."

 आप्पांनी मीटर उलटं करून उगाच बॅटरीचं झाकण चाचपलं आणि खाली मान घालून म्हणाले, "हे जुनं झालंय पोरी. कमी दाखवतंय. माझ्याच कपड्यांनी आलं असंल."

सकाळच्या आकड्याचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आप्पांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी ते गिळलं.

उमा उसळून उठली. रडली, बापाला नको नको ते बोलली, आईचं एक लुगडं उचललं आणि चारच्या एसटीनं निघून गेली. वळून बघितलंसुद्धा नाही.

"काय केलंत हे आप्पा?" मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

"तिच्या कडंवर लेकरू हाय गुरुजी. असलं मनात घिऊन ती त्याला कसं वाढवंल? माझं काय, मला सवय झालीय." उमाला हे कळू न देण्याची त्यांनी मला शपथ घातली, म्हणून इथं नावं बदलून लिहितो आहे.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. पहिल्यांदाच मीटर न घेता. "पोचली का, एवढं इचारता का? तुमचा उचलती ती."

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला. "पोचले गुरुजी," उमा म्हणाली. मागं बाळ रडत होतं. आप्पा तोंडावर हात दाबून फोनपाशी वाकले होते. मी आवरतं घ्यायला लागलो, तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. ठेवू नका. मग मी सोलापूरला थंडी किती आहे, पाणी किती दिवसांआड येतं, असलं काहीबाही विचारत राहिलो.