यादवराव गावंडे आणि मुंबईची फीत

आमच्या कचेरीत पहिलं लोखंडी कपाट आलं, त्या दिवशी यादवराव गावंडे जेवले नाहीत. त्यांनी डबा उघडला, भाकरीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि डबा बंद केला.

"बरं नाही का, यादवभाऊ?" मी विचारलं.

"मले काय धाड भरली? त्या लोखंडाले अक्कल हाय का, तेवढं सांग."

ही अकोल्यातली विम्याची कचेरी, आणि गोष्ट पन्नास-साठच्या दशकांतली. मी तेव्हा नवा कारकून होतो, यादवराव हेडक्लार्क. तोवर सगळे कागद लाल फडक्यांत बांधून मांडणीवर रचलेले असत आणि कोणत्या गठ्ठ्यात कोण झोपलंय, हे एकट्या यादवरावांना ठाऊक असे. साहेबांनासुद्धा कागद हवा झाला की त्यांच्या टेबलाशी यावं लागे. मग यादवराव डोळे मिटत, मिशी चाचपत आणि म्हणत, "खिडकीकडची फळी. खालून दुसरा." कपाटाच्या खणांवर मात्र अक्षरं चिकटवलेली होती. आता कोणीही उठावं आणि कागद काढावा. यादवरावांना ते घरात परका माणूस शिरल्यासारखं वाटलं. पुढं कितीतरी दिवस ते कपाटाला पाठ करून बसत.

माणूस मुळात मत्सरी. पैशाचा, बंगल्याचा, बढतीचा मत्सर त्यांना शिवत नसे. दुसऱ्या कोणाला काही आठवतं, हे मात्र खपत नसे. बडनेऱ्याच्या स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत एक बाबू होता. तो कुठल्याही गाडीची वेळ न पाहता सांगायचा. यादवराव अमरावतीला सासुरवाडीला निघाले की मुद्दाम त्याच्या खिडकीशी थांबत आणि तो चुकतो का ते बघत. तो चुकत नसे. मग सासुरवाडीत दिवसभर यांचं तोंड वाकडं.

कचेरीखालचे पानवाले करीमचाचा प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान तोंडाकडे बघूनच लावायचे. आपण कोणाच्या ध्यानात राहावं आणि तेही फुकटात, हे यादवरावांना मंजूर नव्हतं. ते रोज वेगळं पान मागू लागले. आज चुना कमी, उद्या कात जास्त, परवा नुसती सुपारी. शेवटी चाचा म्हणाले, "यादवराव रोज पान बदलते हैं, ये तो मुझे याद रहता है ना." त्या दिवसापासून यादवरावांनी पान सोडलं.

अशा माणसाच्या नशिबी पुढं मुंबईची यंत्रं आली.

आधी पत्र आलं, की आता विमेदारांची माहिती मुंबईच्या मोठ्या कचेरीत जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून ठेवली जाईल आणि यंत्र ती भोकं वाचेल. नमुन्याचं एक कार्डही सोबत होतं. यादवरावांनी ते उजेडाकडे धरलं.

"आमच्या इकडं पोत्याले भोक पडलं तं माल सांडते," ते म्हणाले. "यायच्या कार्डाले भोक पडलं तं माल राहते म्हणे."

त्या यंत्राला ते 'ती' म्हणत. बायका सवतीचं नाव घेत नाहीत, तसं. "काय म्हणते ती?" हा त्यांचा टपाल आल्यावरचा पहिला प्रश्न. मुंबईहून एखादी चूक होऊन आली तर त्या दिवशी सगळ्या कचेरीला चहा.

काही वर्षं गेली आणि साहेब मुंबईहून नवी बातमी घेऊन आले. कार्डं मागं पडत चालली होती. आता खोलीभर कपाटांचं नवं यंत्र आलं होतं आणि माहिती चुंबकाच्या फितीवर साठत होती. पेटीभर कार्डं एका रिळात मावत. पुढं तर म्हणे तव्यासारख्या तबकड्या येणार, फीत गुंडाळत बसायलाही नको, हवं ते झटकन सापडणार.

"मंग त्या कार्डाईचं काय केलं?" यादवरावांनी विचारलं.

"रद्दीत जातील," साहेब म्हणाले.

"काल आणली अन् आज रद्दीत," यादवराव पुटपुटले. कार्डांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला बरा शब्द.

नव्या पद्धतीचं शिक्षण घ्यायला मुंबईला एकाला पाठवायचं ठरलं आणि साहेबांनी माझं नाव घातलं. यादवराव माझ्याशी बोलेनासे झाले. समोरच्या टेबलावरून शिपायाच्या हाती निरोप पाठवू लागले. आणि माझा निघायचा दिवस आला, तर स्टेशनावर कोट-टोपी घालून, वळकटी घेऊन हजर. रजा टाकली होती, तिकीट पदरचं.

"येक डाव पाहून तं घेतो तिले," एवढंच म्हणाले.

मुंबईत ती खोली थंडगार होती. काचेच्या दारापाशी जोडे काढावे लागले. उंच उंच कपाटांत रिळं फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. देसाई नावाची एक तरुण मुलगी तिथं कामाला होती, तिनं सगळं समजावून सांगितलं. यादवराव धोतराचा सोगा हातात धरून देवळात उभं राहावं तसे उभे होते. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. मला वाटतं, तो ते अकोल्याहूनच घेऊन आले होते.

"हे कधी भुलते का?"

"नाही हो काका. आपणच पुसतो. जुनं नको असलं की त्याच फितीवर नवं लिहायचं."

"मंग जुनं जाते कुठं?"

"कुठंच नाही. राहतच नाही ते."

"काहीच नाही राहत? डाग-बिग?"

"काहीच नाही," ती हसून म्हणाली.

आता हे जिंकल्यासारखे हसतील, दोन टोमणे मारतील, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फिरत्या रिळाकडे पाहत होते. त्यांनी जोडे घातले तेव्हा डावा-उजवा उलटा घातला आणि तसेच बाहेर पडले.

माझं शिक्षण संपेपर्यंत ते भाच्याकडे राहिले आणि आम्ही बरोबरच परत निघालो. भुसावळ मागं पडलं, दुपार कलली, डब्यातली माणसं पेंगत होती. यादवराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बापू, मले हेवा वाटला तिचा."

"तुम्हाला कोणाचा हेवा वाटत नाही, यादवभाऊ?"

ते हसले नाहीत. "आमाले पोरगी होती. सुशी. तू यायच्या लय आधीची गोष्ट. भातकुलीले होतो आमी तवा. घटसर्प झाला तिले. सहा वर्साची होती. त्या दिवशीचं सारं आठवते मले. डॉक्टरच्या कोटाची तुटकी गुंडी आठवते. कपातलं गार झालेलं दूध आठवते. माणसाले इतकं काहून आठवावं? अन् तिथं ते फीत फिरते, अन् साफ."

मी उगाच म्हणालो, "पुसता आलं असतं तर पुसलं असतं तुम्ही?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कसं पुसन, बाप्पा? तुया वहिनीले सुशीचा आवाज आठवत नाही आता. चेहरा आठवते, आवाज गेला. संध्याकाळी दिवा लावला का मले म्हणते, सांगा ना, कशी बोले ते. मंग मी बोलून दाखवतो."

"कसं?"

त्यांनी डब्यात इकडं-तिकडं पाहिलं. मग तो जाड मिशांचा, साऱ्या कचेरीला धाकात ठेवणारा माणूस माझ्याकडे वाकला आणि दोन्ही हात वर करून बारीक, बोबड्या आवाजात म्हणाला, "बाबा, मले बी उतला ना."