ए. एच. ओ.

सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घेत होता. सासऱ्यांनी घड्याळ लावून मोजली होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले, त्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली, पण उरलेल्या डोळ्याची करडी नजर दोन्ही डोळ्यांचं काम करत होती.

"जावईबापू, तुम्ही आलात, आता चिंता मिटली," ते म्हणाले. "घरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये असताना बाहेरचा मेकॅनिक कशाला?"

सात वर्षांपूर्वी जावईबापूंचं लग्न जमवताना त्यांच्या एका काकांनी 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे' असं ठोकून दिलं होतं. मुलगा होता कॉम्प्युटर टेबलांच्या कारखान्यात सुपरवायझर. 'टेबल' हा शब्द काकांच्या घाईत गळून पडला आणि जावईबापूंनी तो उचलून जागेवर ठेवला नाही. आधी सांगायची लाज वाटली, मग इतके दिवस सांगितलं नाही याची लाज वाटू लागली. सासरे मात्र सात वर्षं शेजारीपाजारी जावयाचं कौतुक सांगत सुटले होते.

त्या दिवशी मायलेकी मावशीकडे निघाल्या होत्या. दारात बायको हळूच म्हणाली, "ए, तू कशालाही हात लावू नकोस हं. सरळ सांग, मला येत नाही म्हणून."

"सांगतो ना."

"सात वर्षं सांगतोयस."

सासूबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "ह्यांचे डोळ्याचे थेंब बारा आणि चारला आहेत. डॉक्टरांनी एकही वेळ चुकवू नका म्हणून बजावलंय. पण मी सोय करून ठेवलीय, तुम्हाला त्रास नाही." खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे कसली सोय ते विचारायचं राहिलं.

जावईबापू कॉम्प्युटरसमोर बसले. कारखान्यातल्या ऑफिसात मेकॅनिकने एकदा एक यादी उघडलेली त्यांनी पाहिली होती. कॉम्प्युटर सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उठून कामाला लागतात, त्याची ती यादी. चार ठिकाणी चुकीचं बटण दाबल्यावर ती सापडली. आत बारा नावं होती.

"ह्यातले घरचे कोण आणि चोर कोण, ते ओळखायचं," जावईबापू भारदस्त आवाजात म्हणाले.

"कसं ओळखता?"

"अनुभवाने."

खरं तर ते तोंडं बघून ओळखत होते. प्रिंटरचा प्रोग्रॅम राहू दिला, कारण प्रिंटर समोरच होता. आवाजाचा राहू दिला, कारण नाव ओळखीचं वाटलं.

"आणि ही हिरवी ढाल?" सासऱ्यांनी विचारलं.

"'सिस्टिम रक्षक'. नावातच रक्षक आहे, बाबा. असा माणूस दारावर हवाच." रक्षकाने लगेच कसलीशी परवानगी मागितली. जावईबापूंनी ती उदार मनाने देऊन टाकली.

शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. नाव तीन अक्षरांचं: AHO. बनवणाऱ्याच्या रकान्यात 'अज्ञात'. चित्र नाही, पत्ता नाही.

"सापडला!" जावईबापू ओरडले. "ए. एच. ओ."

"म्हणजे काय हो?"

इथे 'माहीत नाही' म्हणायची शेवटची संधी होती. "ऑटोमॅटिक हॅकिंग ऑपरेशन," जावईबापू म्हणाले.

"अरे बापरे! माझ्या घरात?"

त्यांनी तो प्रोग्रॅम नुसता बंद केला नाही, मुळासकट उपटला. त्याच्या फोल्डरात आवाजाची एक फाइलही होती. "ऐकून बघायची का?" सासऱ्यांनी विचारलं. "व्हायरस कुणी ऐकतं का, बाबा?" असं म्हणून जावईबापूंनी तीही कचरापेटीत टाकली आणि कचरापेटीही रिकामी केली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर दहा मिनिटं चाळीस सेकंद लागले.

"वीस सेकंद वाचले!" सासऱ्यांनी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना फोन करून बातमी दिली. फोन ठेवला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मग जेवण झालं, झोप झाली. चारही वाजून गेले. घर कसं शांत होतं.

पाच वाजता मायलेकी परतल्या. त्याच क्षणी कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला आणि हिरव्या ढालीखाली अक्षरं उमटली: 'तुमच्या संगणकात ९४२ धोके!'

सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. "थेंब घातले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"तू हाक कुठे मारलीस?"

"मी कशी मारणार? कॉम्प्युटर मारतो ना! बारा आणि चारला माझ्या आवाजात बोलतो, 'अहो, डोळ्यात थेंब घाला.' कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकून काल रात्री मी स्वतः बनवलाय तो प्रोग्रॅम."

"नाव काय त्याचं?" जावईबापूंनी विचारलं.

"नाव काय असणार? अहो."

जावईबापूंना त्यांची बायको जन्मात कधी 'अहो' म्हणाली नव्हती, 'ए' आणि 'अरे' यावरच संसार चालला होता. तरी मराठी माणसाला तीन अक्षरं वाचता येऊ नयेत? सासऱ्यांचा डोळा गेला तर? सासूबाई डॉक्टरांना फोन लावत होत्या, तेवढा वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वर बघायची हिंमतच होईना.

डॉक्टर इतके ओरडले की स्पीकरची गरज पडली नाही. पण निभावलं. थेंब लगेच घाला, रात्रीचे वेळेवर घाला, उद्या सकाळी दाखवायला या, म्हणाले.

थेंब घालून झाले. मग जावईबापू वळले.

"बाबा, मी खोटं वागलो. मला ह्यातलं काही येत नाही. मी कॉम्प्युटरमध्ये नाही, कॉम्प्युटरच्या खाली आहे. टेबलं बनवतो आम्ही."

सासरे शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

"काय?"

"हे कॉम्प्युटरखालचं टेबल तुमच्याच कारखान्याचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी चौकशीला गेलो आणि टेबल घेऊन आलो. तुम्ही कधी 'नाही' म्हणाला नाहीत, तेव्हा ह्यांना वाटलं, तुम्हाला तसं सांगितलेलं आवडतं. म्हणून बिचारे सगळीकडे सांगत फिरतात."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. जावईबापूंना आधीच्या सात वर्षांची लाज पुरेशी नव्हती की काय, त्यात ही नवी भर पडली.

सासूबाईंनी दोन मिनिटांत भोंगा बंद केला आणि रक्षकालाही मुळासकट काढून टाकलं. "नावावरून कळत नाही हो. फाइल कुठे बसलीय ते बघायचं, कधी आलीय ते बघायचं, आणि घरात विचारायचं. हा रक्षक ह्यांनी इंटरनेटवरून फुकटचं शब्दकोडं उतरवलं त्या दिवशी घुसलाय. अकरा मिनिटं तोच खात होता."

"मी काही करू का?" जावईबापूंनी कसंबसं विचारलं.

"टेबल डुगडुगतंय बघा."

जावईबापू पाना घेऊन टेबलाखाली शिरले. बोल्ट ढिला होता, हे त्यांना हात लावताच कळलं. दोन फेऱ्यांत त्यांनी तो आवळला. सासूबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या, दार लावून काहीतरी बोलल्या आणि परत येऊन नवा 'अहो' बनवायला कॉम्प्युटरशी बसल्या.

चालतो का ते बघायला त्यांनी आत्ताचीच वेळ लावून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पाऊण मिनिटात वर सासूबाईंचा आवाज खणखणला:

"अहो, डोळ्यात थेंब घाला. आणि जावईबापू, तुम्ही आपले खालीच बरे!"